लेकरं साधनाकडे

वाघदरा पोडावर डाळमिल आली तेव्हा तिला ठेवायला छप्पर नव्हतं. ट्रॉलीतून उतरवून ती चावडीच्या ओट्यावर ठेवली, वरून निळी ताडपत्री बांधली, आणि पोडातल्या बाया तिच्याभोवती जमल्या. कुणी हात लावून पाहिला, कुणी आत डोकावलं.

"एवढीशी हाये," जैतू म्हणाली. "हे का डाळ काढते?"

"काढते," रुखमाबाई म्हणाली. तिने शीलाताईंसोबत जाऊन दुसऱ्या गावची मिल पाहिली होती. "आपल्यापेक्षा जास्त काढते."

मारेगाव तालुक्याच्या डोंगरकडेला हे कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती, आहे. कुडाची घरं, एक हातपंप, खाली उतरत गेलेली दगडाळ वावरं. त्या वावरांत तूर चांगली होते. दरवर्षी ती बाजारात व्यापाऱ्याला जायची आणि पावसाळ्यात त्याच बाजारातून पोडातले लोक डाळ विकत आणायचे. ही गोष्ट कुणाला खटकत नव्हती, कारण ती कायमची तशीच होती. शीलाताईंनी ती पहिल्यांदा बोलून दाखवली. शीलाताई मूळच्या आर्णीच्या, एका संस्थेत काम करायच्या, स्कूटरवर वाटेल त्या रस्त्याने यायच्या. वर्षभर येऊन येऊन त्यांनी बायांचा गट बांधला आणि संस्थेमार्फत मिल आणवली.

गटाची अध्यक्ष रुखमाबाई टेकाम. ती शिकलेली होती म्हणून नव्हे. ती दुसरीतूनच घरी बसली होती. पण बाहेरच्या माणसाशी मराठीत बोलताना तिची मान खाली जात नसे. पोडात सगळे कोलामीत बोलत. मराठी म्हणजे बाजाराची, दवाखान्याची, साहेबाची भाषा. रुखमाबाई ती वापरायची तेव्हा जरा मोठ्याने बोलायची, एवढंच.

तिचा नवरा श्रावण राजूरकडे कोळशाच्या डेपोवर हमाली करायचा आणि पंधरा-वीस दिवसांतून एकदा घरी यायचा. थोरली मुलगी साधना आश्रमशाळेत आठवीला होती. पोडातून आठवीपर्यंत गेलेली ती पहिलीच पोरगी. धाकटा ओम नुकता चालायला लागला होता. त्याला श्रावणची म्हातारी आई सांभाळायची.

म्हातारी दिवाळीनंतर गेली. तापाचं निमित्त झालं. दिवसपाण्याला साधना शाळेतून घरी आली, आणि नेमकी त्याच आठवड्यात तूर सोंगून खळ्यावर यायला लागली.

"आठ दिवस राहून जा," रुखमाबाई लेकीला म्हणाली. "मिल एकदा सुरू झाली का मंग मी ओमचं पाहतो काही तरी. तवरक थांब."

साधनाने मान हलवली. ती फार बोलणारी पोरगी नव्हती. तिने पाटीएवढी छोटी पेटी उघडून शाळेचा निळा कुडता आणि सलवार घडी घालून आत ठेवली आणि ओमला कडेवर घेतलं.

मिल सुरू झाली. तूर साफ करायची, तिला तेलपाणी लावायचं, ओट्यावर पसरून वाळवायची, मिलमध्ये टाकायची, मग सुपाने पाखडून डाळ वेगळी आणि चुनी वेगळी. चुनी शेळ्यांना चालते. सकाळी शेणपाणी उरकून बाया चावडीवर यायच्या त्या ऊन कलेपर्यंत. आठ दिवसांचे पंधरा झाले. म्हातारीची जागा घ्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि रुखमाबाईला तर आता बाजारालाही जावं लागे, मारेगावला बैठकीलाही.

एक दिवस जैतू आपल्या परीला घेऊन दारात उभी राहिली. जैतू रुखमाबाईची धाकटी जाऊ. दोघींची घरं एका कुडाने वेगळी झालेली. परी तीन वर्षांची, चोवीस तास आईचा पदर धरून असायची.

"साधना, हिले ठेव ना तुह्याजवळ," जैतू म्हणाली. "मिलच्या पट्ट्यात हात घालते बाप्पा ही. मले धास्तीच वाटते."

साधनाने परीला घेतलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक बाई तिचं लेकरू घेऊन आली, मग अजून एक. कुणी विचारलं नाही, कुणी ठरवलं नाही. संक्रांत सरली तोवर पोडातली सगळी लहान लेकरं दिवसभर रुखमाबाईच्या अंगणात असायची. कुणाचं मूल रडायला लागलं की बाया म्हणायच्या, "साधनाकडे दे."

साधना त्यांना खाऊ घालायची, शी-सू काढायची, झोपवायची. झोपली नाहीत तर अंगणात काडीने अक्षरं काढायची. मोठी चार-पाच पोरं लवकरच खालच्या गावच्या शाळेत जाणार होती. तिथे मास्तर मराठी बोलतात, हे तिला ठाऊक होतं. पहिलीत असताना ती स्वतः दोन महिने एक शब्द बोलली नव्हती. पाणी प्यायला जाऊ का, हे कसं विचारायचं ते माहीत नव्हतं म्हणून तहानलेली बसून राहायची.

"ईरले मराठीत काय म्हनते?" ती विचारायची.

"पानी!" पोरं ओरडायची.

"मास्तरले काय म्हनाचं?"

"सर, पानी प्याले जाऊ?"

हे सगळं अंगणात चालायचं. चावडी तिथून हाकेच्या अंतरावर. पण मिल सुरू असली की तिकडे फक्त मिलचाच आवाज.

शीलाताईंच्या लक्षात आलं ते उशिरा. एका दुपारी त्या पाणी प्यायला रुखमाबाईच्या घरी गेल्या, तर साधना सहा पोरांत बसलेली.

"साधना? तू शाळेत नाही गेली?"

"नाई."

"कधीपासून?"

साधना एका पोराचं नाक पुसत बसली.

शीलाताई चावडीवर परत आल्या आणि रुखमाबाईला बाजूला घेतलं. "रुखमाबाई, पोरगी घरी बसवली तुम्ही? तीन महिने झाले की हो."

"नाव हाये न शाळेत," रुखमाबाई म्हणाली. "सर चांगले हाये. परीक्षेले नेऊन बसवतो."

"परीक्षेचं नाही म्हणत मी."

"मंग काय करू ताई? तुमीच सांगा. मी मिल सोडू का पोट्टं सोडू?"

संस्थेच्या कामात गट होता, मिल होती, बाजार होता. लेकरं कुठे ठेवायची, हे कुणी विचारात घेतलंच नव्हतं. "मी ऑफिसात बोलते," शीलाताई म्हणाल्या. त्या खरंच बोलल्या. वरून उत्तर आलं की या प्रकल्पात त्या खर्चाला तरतूद नाही, पुढच्या वर्षी पाहू. अंगणवाडी खालच्या गावात होती, पोडापासून चांगली दूर, ओढा ओलांडून. कडेवरच्या लेकराला रोज तिथे कोण नेणार?

"हा हंगाम जाऊ द्या," रुखमाबाई म्हणाली. आणि तेही खोटं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की हंगाम गेला की सगळं जागेवर येईल.

त्या हंगामात रुखमाबाई बदलली. ती मारेगावच्या बैठकीत खुर्चीवर बसायची. बाजारात डाळीची पाकिटं मांडून ती गिऱ्हाइकाला म्हणायची, "पालिश नाई केलं, तेल लावून वाळवलं. शिजवून पाहा, मंग बोला." घरी येताना ती कधी ओमला बिस्किटाचा पुडा आणायची, कधी साधनाला रिबिन. रात्री जेवताना ती दिवसभराचं सांगायची आणि साधना ऐकायची. एकदा साधनाने विचारलं, "अम्मा, मी कधी जाऊ?"

"जाशीन ना. तूर सरू दे."

साधनाने पुन्हा विचारलं नाही.

शिवरात्री होऊन गेली होती. नागपूरहून पाहुणे यायचे होते. मिलला ज्यांनी पैसे दिले होते, ते. गटाचं काम आवडलं तर ते पॅकिंगचं मशीन आणि चावडीशेजारी पक्की शेड देणार होते. बायांनी ओटा सारवला, धुतलेली लुगडी नेसल्या. शीलाताई सकाळीच आल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर ताण दिसत होता.

दोन गाड्या आल्या. चार-पाच माणसं उतरली. त्यांत एक वयस्क बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, बोलायला मवाळ. त्यांनी सगळ्या बायांना हात जोडून नमस्कार केला, मिल चालताना पाहिली, डाळ हातात घेऊन वास घेतला. मग त्या रुखमाबाईला म्हणाल्या, "तुम्ही इतकं सगळं करता. तुम्हाला मुलं किती?"

"दोन. एक पोट्टी, एक पोट्टा."

"मुलगी शिकते का?"

"हो," रुखमाबाई म्हणाली. "आठवीत हाये. आश्रमशाळेत."

"अरे वा! कुठे आहे ती? शाळेत?"

रुखमाबाई थांबली. शीलाताई समोरच उभ्या होत्या, त्या जमिनीकडे पाहत होत्या.

"सुट्टीवर आली हाये," रुखमाबाई म्हणाली.

"मग बोलवा ना तिला. आम्हाला भेटू दे."

रुखमाबाईने गटातल्या एका बाईला हाक मारली आणि कोलामीत म्हणाली, "साधनाले बलाव. शाळेचे कपडे घालून ये म्हन."

साधना तेव्हा अंगणात होती. शिवरात्रीला आणलेली थोडी रताळी उरली होती. ती तिने चुलीच्या राखेत, निखाऱ्यांत पुरली होती. पोरं चुलीभोवती बसली होती. निरोप आला तेव्हा ती म्हणाली, "आत्ता? पोट्टे हाये ना इथं."

"दोन मिन्टं ये. तुही माय बलावते. पाहुने थांबले."

साधनाने पेटीतले कपडे काढून घातले. केसांना पाणी लावलं. ओमला कडेवर घेतलं. सगळ्यांत मोठ्या पोराला, जो सहा वर्षांचा होता, म्हणाली, "यांच्याकडे पाह्यजो. कोनी राखेत हात घालाचा नाई. मी आली का देतो सगळ्याले."

चावडीवर ती उभी राहिली. पांढऱ्या केसांच्या बाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि डाळीचं पाकीट पुढे केलं. "हे वाचता येतं?"

साधनाने वाचलं. वर मराठीत लिहिलेलं गटाचं नाव, मग खालचं इंग्रजी, एक एक शब्द, न अडखळता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बायांनीही वाजवल्या. जैतू सगळ्यांत जोरात वाजवत होती. कुणीतरी फोटो काढला. रुखमाबाई लेकीकडे पाहत होती आणि तिचा ऊर भरून आला होता. त्या क्षणी तिलाही वाटलं की साधना खरोखरच सुट्टीवर आली आहे.

"मोठी होऊन काय होणार?" बाईंनी विचारलं.

साधना काही बोलण्याआधी अंगणाकडून किंकाळी आली.

पहिल्यांदा जैतू धावली. आईला आपल्या लेकराचा आवाज कळतो. मग सगळ्याच धावल्या. परी चुलीजवळ बसली होती आणि उजवा हात पुढे धरून ओरडत होती. रताळं काढायला तिने राखेत हात घातला होता. वरून राख थंड होती. खालचा निखारा मुठीत आला आणि भीतीने मूठ उघडायचीच विसरली, असं त्या सहा वर्षांच्या पोराने सांगितलं. तो रडत सांगत होता आणि त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

पाहुण्यांनी ताबडतोब गाडी दिली. जैतू परीला घेऊन बसली, शीलाताई शेजारी. गाडी उताराने धुरळा उडवत गेली. अंगणात बाकीच्या बाया आपापली लेकरं उचलत होत्या. साधना शाळेच्या कपड्यांत ओमला घेऊन कुडाला टेकून उभी होती. चुलीत रताळी जळत होती, त्यांचा गोड वास येत होता.

परीला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. जिवाला काही झालं नाही. पण तळहात आणि बोटं आतून भाजली होती, आणि डॉक्टर म्हणाले की जखम भरताना बोटं आखडतील, तेव्हा ऑपरेशन लागेल, एक नाही, कदाचित दोन-तीन.

पोडात बोलणं सुरू झालं. साधनाला कुणी बोलावून नेलं, हे प्रत्येक बाईने पाहिलं होतं. प्रत्येकीने टाळ्या वाजवल्या होत्या. पण हातपंपावर त्या जे बोलत होत्या, ते वेगळंच होतं.

"चुलीतला इस्तो इझवून जाले काय झालं होतं?"

"पोट्टे घेऊन यायचे मंग सोबत."

"तेरा वर्साची घोडी, एवढं समजू नये?"

रुखमाबाई घागर भरत ऐकत होती. तिला बोलता आलं असतं. ती मारेगावात साहेबापुढे बोलायची. पण इथे ती नुसती हातपंप हापसत राहिली. शेड आता येईल की नाही याचाही विचार तिच्या मनात होता, आणि तो आहे हे जाणवून तिला स्वतःची घाण वाटली. ती घागर घेऊन घरी गेली.

साधना जेवत नव्हती, म्हणजे थोडंसं खायची आणि ताट ओमपुढे सरकवायची. चौथ्या-पाचव्या दिवशी रुखमाबाई तिच्याजवळ बसली.

"बोल ना काही."

"काय बोलू?"

"कोनी काही म्हनलं का तुले?"

"खरंच म्हनते ना ते. माहीच चूक हाये. मी इझवाले पाह्यजे होतं."

रुखमाबाई तिच्याकडे पाहत राहिली. पोरीने हे इतक्या सरळ सांगितलं, जणू तिला उत्तर तोंडपाठ होतं. रुखमाबाई उठली, बाहेर गेली, आणि घराच्या मागे शेळीच्या खुंट्यापाशी बराच वेळ बसून राहिली.

परीला घेऊन जैतू परत आली तेव्हा शीलाताईंनी चावडीवर बैठक बोलावली. मिल बंद होती. जैतू कोपऱ्यात बसली होती, परीचा पांढऱ्या पट्टीतला हात मांडीवर घेऊन.

शीलाताई म्हणाल्या, "जे झालं ते कोणा एकामुळे नाही झालं. लेकरं सांभाळायला आपण कुणी ठेवलंच नाही. संस्थेकडून सध्या काही मिळणार नाही, मी खूप भांडून पाहिलं. पण गटाने ठरवलं तर मिलच्या कमाईतून एका बाईला हिस्सा देता येईल. तिने मिलवर यायचं नाही, फक्त लेकरं पाहायची."

मागून एक बाई म्हणाली, "लेकरं सांभाळाचे पैसे? मंग आतापरेंत आमी का फुकटच सांभाळले का?"

"म्हनजे घरी बसून बी हिस्सा, अन् उन्हात पाखडून बी हिस्सा?"

"आपापली लेकरं आपापल्या घरी ठेवा. झालं."

"अन् साधनाले कोनता हिस्सा देत होतो आपन?"

हे शेवटचं वाक्य कुणी टोचून म्हटलं नव्हतं. सहज निघालं.

रुखमाबाई उभी राहिली. बोलताना तिचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "त्या दिवशी तिले मी बलावलं. पाहुन्याइले दाखवाले. पोट्टी शाळेत जाते म्हनून मी खोटं सांगतलं, अन् ते खरं कराले तिले कपडे घालून आनलं. तिची चूक नाई. माही हाये." ती जैतूकडे वळली. "परीचा हात माह्यानं जळला, जैतू."

जैतूने वर पाहिलं नाही.

"उद्यापासून मी मिलवर येत नाई," रुखमाबाई म्हणाली. "अध्यक्ष दुसरी कोनी करा. साधना शाळेत जाईन. लेकरं मी पाहतो, हिस्सा देल्ला तर देल्ला, नाई तर नाई."

"असं तडकाफडकी नका ठरवू," शीलाताई म्हणाल्या. "बाजार कोण पाहील? बोलणं कोण करील?"

"पाहीन कोनी तरी."

जैतू उठली. परीला खांद्यावर घेतलं आणि जाता जाता रुखमाबाईसमोर थांबली. "तू पाहजो लेकरं," ती म्हणाली. "माही पोरगी मी तुह्याजवळ नाई ठेवत." आणि ओटा उतरून गेली.

श्रावण त्या रविवारी घरी आला. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. कोळशाची काजळी त्याच्या नखांतून कधी जात नसे.

"आता कायले पाठवते शाळेत?" तो म्हणाला. "चार महिने घरी राह्यली. पुढच्या साली सोयरिकीचे पाहुने येतीन, पाहू. तुले बी मदत होईन."

"नाई."

"मिल बी सोडली, पोट्टी बी पाठवून राह्यली. मंग एवढं सारं केलं कायले?"

"ते मले माहीत नाई," रुखमाबाई म्हणाली. "पन पोट्टी शाळेत जाईन."

साधनालाच जायचं नव्हतं, हे तिला सकाळी कळलं. पेटी भरून झाली होती. साधना दारात बसली होती, पायात चपला घालत नव्हती.

"मले नाई जाचं, अम्मा."

"काहून?"

"ओम कोनाजवळ झोपीन? अन् वर्गात सगळ्या पोट्ट्या पुढं गेल्या असन. सर काही विचारतीन."

"विचारू दे. सांगजो, मायनं ठेवून घेतलं होतं."

"अन् परी?"

रुखमाबाईने तिच्या चपला उचलून तिच्यापुढे ठेवल्या. साधनाने त्या घातल्या. ओम रडायला लागला तसं रुखमाबाईने त्याला पाठीवर बांधलं, आणि तिघं खाली सडकेपर्यंत चालत गेली. जैतूच्या दारावरून जाताना दार अर्धवट उघडं होतं. आत परी कण्हत होती की झोपेत बोलत होती, ते कळलं नाही. साधना तिथे क्षणभर थांबली. आतून कुणी हाक मारली नाही. मग ती चालू लागली.

मुख्याध्यापकांनी तिला घेतलं. परीक्षा जवळ आली होती. ती बसली आणि पासही झाली, जेमतेम. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा मिल ताडपत्रीखाली बंद होती. नवी अध्यक्ष झालेल्या बाईला बाजारात बोलायला जमेना, व्यापाऱ्याने एकदा उधारीवर डाळ नेली त्याचे पैसे काही दिले नाहीत, आणि बायांनी राहिलेली तूर पुन्हा त्याच व्यापाऱ्याला विकून टाकली. पक्की शेड आली नाही. पॅकिंगचं मशीन दुसऱ्या गावच्या गटाला गेल्याचं शीलाताईंनी सांगितलं. पाहुण्यांनी अपघाताचं कारण दिलं नव्हतं. काहीच कारण दिलं नव्हतं. शीलाताई अजून यायच्या, पण कमी. त्यांना आता दोन तालुके दिले होते.

मिल सुरू होती तोवर रुखमाबाई लेकरं सांभाळत होती. पहिल्या काही दिवसांत बाया जाताना ओंजळभर डाळ ठेवून जायच्या. मग तेही थांबलं. मिल बंद पडल्यावर लेकरंही येईनाशी झाली, कारण त्यांच्या आया घरीच होत्या. रुखमाबाई खालच्या गावात निंदणाला जाऊ लागली. ओमला बांधावर, झाडाखाली बसवायची आणि दर थोड्या वेळाने मान वर करून त्याच्याकडे पाहायची. सोबतच्या बाया म्हणायच्या, "एवढं काय पाहून राह्यली? नाई पळत तो."

ऑगस्टात एका रविवारी ती आश्रमशाळेत गेली. रविवारी पालकांना भेटू देतात. सोबत तिने भाजलेले शेंगदाणे आणि गुळाची पोळी नेली होती. साधना नववीत गेली होती. ती उंच झाली होती आणि तिचे गाल बसले होते. दोघी व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. ओम पायऱ्यांवर चढउतार करत होता.

"जेवन चांगलं भेटते का?"

"हो."

"अभ्यास?"

"गणित जड जाते. बाकी येतं."

साधना आता आईशीही मराठीतच बोलत होती. आपण कोलामीत विचारतो आणि पोरगी मराठीत उत्तर देते, हे रुखमाबाईच्या ध्यानात आलं. तिला वाटलं, हेच तर पाहिजे होतं.

साधनाने पोळी अर्धी मोडून ओमला दिली. मग खाली पाहत विचारलं, "परीचा हात उघडते का?"

येताना वाटेत रुखमाबाईने दोन-तीनदा ठरवलं होतं की हा प्रश्न आला तर काय सांगायचं. जैतू अजून तिच्याशी बोलत नव्हती. पण कुडापलीकडून सगळं दिसायचं, ऐकू यायचं. परी डाव्या हाताने जेवायची. उजव्या हाताची दोन बोटं तळव्याला चिकटल्यासारखी वळलेली असायची, आणि इतर पोरं खेळताना ती तो हात फ्रॉकच्या घेरात लपवायची. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली होती.

"नाई," ती म्हणाली. "दोन बोटं नाई उघडत. दिवाळीनंतर ऑपरेशन करू म्हनते."

साधनाने हात धुतले, ओढणीला पुसले. ओमच्या तोंडाला लागलेला गूळही त्याच ओढणीने पुसला.

"तिले शाळेत टाकतीन का?" तिने विचारलं.

"जैतू म्हनते, अशा हाताची शाळेत कायले टाकाची."

आतून घंटा झाली. मुली जेवणाच्या हॉलकडे जाऊ लागल्या. साधना उठली, ओमच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि "येते अम्मा" म्हणून रांगेत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. रुखमाबाईने ओमला उचललं आणि फाट्याकडे निघाली. बस यायला अजून बराच अवकाश होता. फाट्यावर सावली नव्हती. ती लेकराला पदराखाली घेऊन सडकेच्या कडेला उभी राहिली.